ओएम ६१७: जुन्या मर्सिडीज डिझेलची देखभाल, योग्य क्रमाने

जुन्या पाच सिलिंडरच्या मर्सिडीज डिझेलबद्दल माझ्या कानावर येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते. सकाळी थंड असताना गाडी लवकर स्टार्ट होत नाही, स्लोला हादरते, आणि मेकॅनिक म्हणतो डिझेलचा इंजेक्शन पंप उतरवावा लागेल. माझंही पहिलं इंजिन असंच एका वर्कशॉपमध्ये गेलं होतं. पंप उतरला, बेंचवर गेला, परत बसला आणि गाडी पूर्वीसारखीच अडत राहिली. शेवटी टॅपेट कव्हर उघडलं तेव्हा दहापैकी चार व्हॉल्व्हना गॅपच, म्हणजे कॅम आणि रॉकरमधली ठरलेली फट, उरला नव्हता. फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) सगळ्यात पातळ पातंही आत शिरेना. गॅप लावले आणि दुसऱ्या दिवशी इंजिन हाफ सेल्फला उठलं. तेव्हापासून या इंजिनाकडे मी एका ठरलेल्या क्रमाने पाहतो: आधी कम्प्रेशन, मग डिझेल, आणि पंपाला हात सगळ्यात शेवटी.

आधी इंजिन समजून घ्या

ओएम ६१७ पहिल्यांदा १९७४ मध्ये '२४० डी ३.०' या गाडीत आलं. ९१ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ९२.४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), पाच सिलिंडर, ३००५ सीसी आणि ताकद ८० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). पुढे बोअर किंचित कमी करून ते २९९८ सीसीचं झालं. १९७८ मध्ये '३०० एसडी'मध्ये टर्बो आला आणि नंतरच्या टर्बो इंजिनांनी १२५ पीएसपर्यंत मजल मारली. हे आकडे आज किरकोळ वाटतात, पण इंजिन किती टिकणार हे त्यांच्यातच आहे. तीन लिटरमधून एवढीच ताकद काढायची असल्याने कुठल्याच भागावर त्याच्या कुवतीच्या काठापर्यंत ताण येत नाही. याच इंजिनाची टर्बो लावलेली, ताकद वाढवलेली आवृत्ती सी १११ या प्रयोगासाठी बनवलेल्या गाडीत बसवून १९७६ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर ताशी २५० किमीच्या आसपासच्या सरासरीने दिवसरात्र पळवली होती. तळाचा भाग किती भक्कम आहे याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. तापल्यावर दोघंही सारखेच प्रसरण पावतात, म्हणून हेड गॅस्केट उडण्याचं दुखणं इथे विरळा. याच्यानंतर आलेल्या सहा सिलिंडरच्या ओएम ६०३ ला ॲल्युमिनियमचं हेड दिलं आणि त्या हेडना तडे जाण्याच्या तक्रारी आल्या. फरक तिथेच कळतो. कॅमशाफ्ट हेडवर आहे आणि तो रबरी बेल्टवर न फिरता दुहेरी चेनवर फिरतो. इंजेक्शन पंपही त्याच चेनवर चालतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

डिझेल थेट पिस्टनवर उडत नाही. हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला एक छोटी खोली असते, प्रीचेंबर. नोझल तिथे डिझेल फवारतं, जळायला तिथे सुरुवात होते आणि बारीक छिद्रांतून ज्वाळा मुख्य सिलिंडरमध्ये घुसते. त्यामुळे आवाज मऊ राहतो आणि नोझलला फार मोठा दाब लागत नाही. तोटा असा की त्या खोलीच्या भिंती उष्णता शोषून घेतात. थंड इंजिनात डिझेल पेटवायला २१ ला १ एवढं कम्प्रेशन आणि हीटर प्लग (प्रीचेंबर तापवणारे विजेचे प्लग), दोन्हीही धडधाकट लागतात. कम्प्रेशन थोडं जरी गळलं तरी ते सगळ्यात आधी सकाळी दिसतं.

टर्बो इंजिनाच्या आत आणखी काही बदल आहेत: पिस्टनच्या खालून ऑइलचा फवारा मारणारे जेट, सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, जास्त कठीण केलेली क्रँक. म्हणून साध्या इंजिनावर नुसता टर्बो चढवायच्या भानगडीत पडू नका.

पहिली पायरी: काही न उघडता परीक्षा

इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना तिथे स्वतः हजर राहा. विकणारा माणूस आधीच गरम करून ठेवतो. हीटरचा दिवा विझला की सेल्फ मारा आणि धूर पाहा. पांढरा धूर, जो डोळ्यांना झोंबतो, तो न जळलेल्या डिझेलचा: एखाद्या सिलिंडरचा हीटर प्लग गेलाय किंवा कम्प्रेशन कमी आहे. निळा धूर ऑइलचा. भार टाकल्यावर काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी.

गरम झाल्यावर स्लोला ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवा. ते थरथरेल, नाचेल, तेवढं चालतं. झाकण उडून पडत असेल आणि धुराचे लोट येत असतील तर बॅक कम्प्रेशन (पिस्टनच्या रिंगांमधून खाली गळणारा दाब) जास्त आहे, रिंगा थकल्या आहेत. मग डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा बघा. गरम इंजिनात स्लोला तो खाली उतरला तरी घाबरू नका, पण रेस देताच लगेच ३ बारला जाऊन टेकला पाहिजे. रेंगाळत वर जात असेल तर गाडी सोडून द्या.

रिंगा जाम झाल्यासारख्या वाटल्या तरी लगेच इंजिन खोलायचा निर्णय घेऊ नका. वर्षानुवर्षं जवळच्या जवळ हळू फिरलेल्या गाडीत रिंगांच्या खाचा काजळीने भरतात. टॅपेट नीट लावून, ताजं ऑइल भरून काही आठवडे लांबचा प्रवास, चढावर पूर्ण भार, असं चालवल्यावर कम्प्रेशन परत आलेलं मी पाहिलं आहे. म्हणूनच कम्प्रेशन टेस्ट टॅपेट लावल्यानंतर करायची. त्या टेस्टमध्येही एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक पाहा. पाचही सारखेच थोडे कमी असतील तर इंजिन अजून बरंच चालेल. चार चांगले आणि एक पडलेला असेल तर त्या एकाचं कारण शोधावं लागेल.

दुसरी पायरी: टॅपेट

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. कंपनीने दर २४,००० किमीला सांगितलं होतं, आणि नेमकं हेच टाळलं जातं, कारण टॅपेटचा आवाज येत नसतो. पेट्रोल इंजिनांवर वाढलेल्यांचा इथे घोटाळा होतो. वापराने व्हॉल्व्ह आणि सीट दोन्ही झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप वाढण्याऐवजी कमी होतो. गॅप संपला की आवाज बंद होतो, इंजिन जास्तच शांत वाटतं, आणि आत व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसतो. कम्प्रेशन तिथून निसटतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर सीटला टेकूनच उष्णता बाहेर टाकतो. टेकला नाही की त्याची कड जळते. मग खर्च हेडचा होतो.

लागतील १४ चे दोन पाने, स्प्रिंगची टोपी धरायला एक तिसरा पाना (या इंजिनासाठी वाकवलेले खास पाने मिळतात, ते घ्याच), फिलर गेज, २७ चा सॉकेट आणि नवं कव्हर गॅस्केट.

इंजिन पूर्ण थंड असू द्या. थ्रॉटलची लिंकेज आणि ब्रीदरचा पाइप सोडवून कव्हर काढा. कागदावर दहा व्हॉल्व्हचं चित्र काढा आणि कुठला इनटेक, कुठला एक्झॉस्ट ते मॅनिफोल्डच्या नळ्यांच्या रेषेवरून नक्की करून लिहा. क्रँकच्या पुढच्या नटाला २७ चा सॉकेट लावून इंजिन फिरवा, समोरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्याच दिशेने. उलटं कधीच फिरवायचं नाही, आणि कॅमच्या बोल्टला पाना लावूनही नाही. दोन्हींत चेन आणि टेन्शनरवर (चेन ताठ ठेवणाऱ्या भागावर) नको तो ताण येतो. हीटर प्लग काढून ठेवले तर इंजिन हाताने सहज फिरतं.

ज्या कॅमचं टोक रॉकरपासून (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या तरफेपासून) दूर, वर गेलेलं आहे, त्या व्हॉल्व्हचा गॅप मोजा. पातं कॅम आणि रॉकरच्या घासणाऱ्या बाजूच्या मध्ये घालायचं. इनटेकला ०.१० मिमी. एक्झॉस्टला साध्या इंजिनात ०.३० आणि टर्बोत ०.३५. पातं हलकं अडत सरकलं पाहिजे. ०.१० चं पातं लवकर दुमडतं, म्हणून जादा असलेलं बरं.

गॅप चुकीचा असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्यावर दोन नट दिसतील: वरचा टोपीसारखा, तो ॲडजस्टिंगचा, आणि त्याच्या खालचा लॉक नट. तिसऱ्या पान्याने स्प्रिंगची टोपी धरा, लॉक सोडवा, वरची टोपी फिरवा. टोपी खाली गेली की गॅप वाढतो. लॉक कसल्यावर पुन्हा मोजा, कारण कसताना गॅप हमखास बदलतो. पहिल्या वेळी एकेका व्हॉल्व्हला दहा मिनिटं लागतात आणि पाने हातातून सटकतात. सहाव्या व्हॉल्व्हपर्यंत हात बसतो. झालेल्या व्हॉल्व्हवर कागदावर खूण करा आणि आधीचा गॅपही लिहून ठेवा. पुढच्या वेळी एखादा व्हॉल्व्ह इतरांपेक्षा भराभर आवळत चाललेला दिसला तर ती सीट झिजते आहे, आणि हे तुम्हाला हेड उघडण्याच्या कितीतरी आधी कळेल.

कव्हर उघडंच आहे तर चेनही बघा

कॅमच्या पुढच्या टोकाच्या वॉशरवर एक खाच असते आणि समोरच्या बेअरिंगच्या खांबावर एक रेघ. इंजिन सरळ दिशेने फिरवत या दोन्ही जुळवा आणि क्रँकच्या पुलीवरचे अंश वाचा. शून्य असेल तर चेन नवी असल्यासारखी आहे. शून्य ओलांडून जितके अंश पुढे गेलं, तितकी चेन लांबली आहे.

लांबलेल्या चेनमुळे व्हॉल्व्ह उशिरा उघडतात आणि पंप त्याच चेनवर असल्याने डिझेलही उशिरा येतं. गाडी मंद होते, धूर वाढतो, आणि लोक पुन्हा पंपावर खापर फोडतात. थोडं लांबलेलं असेल तर कॅमच्या गिअरमध्ये अंश सरकवलेली वुडरफ की (गिअरची शाफ्टवरची जागा पक्की करणारी छोटी चावी) मिळते, ती घालून व्हॉल्व्हचं टायमिंग मूळ जागी येतं. जास्त असेल तर मी की घालत बसत नाही, चेनच बदलतो. जुन्या चेनची एक कडी कापून तिच्या टोकाला नवी चेन जोडतात आणि क्रँक हळूहळू फिरवत आत ओढून घेतात. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने चेन कॅमच्या गिअरवर ताणून धरायची. ती आत घसरली किंवा एक दात उडाला तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो. टेन्शनर उघडलात तर बसवण्याआधी तो ऑइलमध्ये बुडवून, दाबून आतली हवा काढून घ्या. चेन असो वा की, त्यानंतर पंपाचं टायमिंग तपासायलाच हवं.

ऑइल

डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते, त्यामुळे नवं ऑइल पहिल्याच दिवशी काळं होतं. रंग पाहून काही कळत नाही, किलोमीटर मोजा. १५ डब्ल्यू-४० चं, डिझेलसाठी बनवलेलं ऑइल या इंजिनाला मानवतं. मी ते ८,००० किमीच्या आतच बदलतो, टर्बो असेल तर त्याहून लवकर, कारण टर्बोची बेअरिंग त्याच ऑइलवर जगते. फिल्टर वरून उघडतो. त्याच्या एकाच एलिमेंटमध्ये दोन भाग असतात: एकातून सगळं ऑइल जातं, दुसऱ्यातून थोडं थोडं जाऊन बारीक काजळी गाळली जाते. म्हणून मापाला बसतो म्हणून भलताच फिल्टर घालू नका. झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी घाला.

तिसरी पायरी: डिझेल पंपापर्यंत नीट पोचतंय का

गाडी वेगात असताना हळूहळू दम सोडते, थांबून पुन्हा सुरू केली की बरी चालते? टाकीतली जाळी तुंबली आहे. टाकीत पाणी साचलं की पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू-बुरशीचा काळा बुळबुळीत थर धरतो आणि तो जाळीवर जाऊन बसतो. नुसते फिल्टर बदलत राहिलात तर ते दर आठवड्याला तुंबतील. टाकी रिकामी करून, जाळी काढून धुवावी लागेल.

फिल्टर दोन आहेत. आधी एक छोटा पारदर्शक, मग मोठा. दोन्ही एकदम बदला. पारदर्शक फिल्टरमधून वाहणाऱ्या डिझेलमध्ये सतत बुडबुडे दिसले तर पंप कुठून तरी एअर घेतोय. बहुतेक वेळा दोष जुन्या कडक झालेल्या रबरी पाइपांचा असतो, किंवा फीड पंपावरच्या हाताच्या प्रायमिंग पंपाचा. त्याचं जुनं, पांढऱ्या मुठीचं मॉडेल झिरपतं. नव्या पद्धतीचं घाला. नोझलांना एकमेकांशी जोडणारे कापडी वेष्टणाचे बारीक ओव्हरफ्लो पाइप हेही स्वस्त आणि दुर्लक्षित काम आहे. ते ओलसर दिसले की सगळेच बदला.

आता नोझल. स्लोला मिसिंग असेल तर एकेका नोझलचा जाड पाइपचा नट १७ च्या पान्याने किंचित सैल करा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. इथे डोळ्यांवर चष्मा हवा आणि हात लांब. उच्च दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत जाते, आणि ती जखम छोटी दिसली तरी तडक डॉक्टरकडे न्यायची असते.

नोझल काढलेच तर पाचही टेस्टरवर लावून घ्या. उघडण्याचा दाब साध्या इंजिनात ११५ ते १२५ बार आणि टर्बोत १३५ ते १४५ बार असावा, पण मी आकड्याइतकंच महत्त्व पाचांच्या सारखेपणाला देतो. या इंजिनाचा स्लोचा हादरा बऱ्याचदा एकमेकांशी न जुळणाऱ्या नोझलांमधून येतो. बसवताना खालचे उष्णतेचे वॉशर नवेच घाला, जुने एकदा दबलेले असतात. नोझल ७० ते ८० न्यूटन-मीटरला कसा, टॉर्क पान्यानेच.

हीटर प्लग

जुन्या इंजिनांत वेटोळ्या तारेचे प्लग एकामागून एक जोडलेले असतात. एक गेला की सगळे बंद. १९८० च्या सुमारास पेन्सिलसारखे प्लग आले, ते स्वतंत्र चालतात. म्हणून एक गेला तर गाडी सुरू होते पण लंगडत आणि पांढरा धूर काढत. वायर काढून मल्टिमीटरने प्लगपासून बॉडीपर्यंत रेझिस्टन्स मोजा: चांगला प्लग एक ओहमपेक्षा कमी दाखवतो. सगळेच बंद वाटले तर आधी रिलेवरची ८० अँपिअरची पट्टी फ्यूज बघा. ती तडकते आणि तडा नुसत्या डोळ्याला चटकन दिसत नाही. प्लग बदलताना त्याच्या भोकातली काजळी रीमरने काढून घ्या, नाहीतर नवा प्लग लवकर जळतो.

थोडक्यात बाकीचं

थर्मोस्टॅट ८० अंशांचा. काटा त्याच्या बराच खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. अशा थंड चालणाऱ्या डिझेलची झीज वाढते, म्हणून "गरम होत नाही, छान आहे" असं समजू नका. कूलंट योग्य प्रमाणात आणि वेळेवर बदललेलं हवं, नुसतं पाणी नको. टर्बो गाडी मंद वाटली तर इनटेक मॅनिफोल्डवरचा तो पोकळ बोल्ट काढून बघा, ज्यातून पंपाला बूस्टचा (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा) निरोप जातो. तो काजळीने तुंबतो आणि पाच मिनिटांत साफ होतो.

किल्ली बंद करूनही इंजिन चालूच राहत असेल तर दोष व्हॅक्यूमचा. इंजिन बंद करायचं कामही व्हॅक्यूमच करतो, आणि त्याच लाइनवर दारांची लॉक वगैरे असल्याने गळती दारातही सापडू शकते. तोवर बोनेटखाली पंपावर 'स्टॉप' लिहिलेली दांडी आहे, ती दाबा. आणि इंजिन आपोआप वेग घ्यायला लागलं, म्हणजे टर्बोच्या सीलमधून येणारं ऑइलच जाळायला लागलं, तर ती दांडीही उपयोगी पडणार नाही. हवा बंद करावी लागते, जाड सपाट फळी हवेच्या तोंडावर दाबून. हाताने कधीच नाही. मॅन्युअल गिअर असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा.

शेवटी पंप

इतकं सगळं झाल्यावर, आणि तरीही गाडी मंद किंवा धूर काढणारी असेल तर, किंवा चेनला हात लावला असेल तर, पंपाचं टायमिंग तपासा. त्याला पंप उतरवावा लागत नाही. हा पंप इनलाइन आहे (प्रत्येक सिलिंडरचा भाग एका ओळीत), आतला कॅम इंजिन ऑइलमध्ये फिरतो, आणि त्यामुळे तो सहजासहजी झिजत नाही.

पहिल्या सिलिंडरच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हचा (पंपातून त्याच्या नळीत डिझेल सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) होल्डर काढा, आतला व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग स्वच्छ भांड्यात काढून ठेवा, होल्डर परत लावा आणि त्यावर वाकडी बारीक नळी बसवा. थ्रॉटलची दांडी पूर्ण रेसला बांधा. हँड पंप मारत राहा, नळीतून डिझेल वाहायला लागेल. आता कम्प्रेशन स्ट्रोकवर क्रँक अगदी सावकाश सरळ दिशेने फिरवा. धार बारीक होत जाईल, मग थेंब. सेकंदाला साधारण एक थेंब पडायला लागला की थांबा आणि पुलीवरचा आकडा वाचा: टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेच्या) आधी २४ अंश हवेत. उशीर असेल तर पंपाचे नट सैल करून पंप इंजिनाकडे ढकला, लवकर असेल तर इंजिनापासून दूर ओढा. पंप अगदी किंचित सरकवला तरी पुरतो. नट कसा, क्रँक सरळ दिशेनेच जवळजवळ दोन पूर्ण फेरे फिरवून त्याच स्ट्रोकवर आणा आणि थेंब पुन्हा मोजा, कारण नट कसतानाही पंप हलतो. दोनदा लागोपाठ २४ आले की व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि नवं सील घालून होल्डर बसवा, एअर काढा आणि स्टार्ट करा.